घटस्फोट आणि मालमत्तेची वाटणी : कायदा व न्यायालयीन दृष्टिकोन

प्रस्तावना

घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की पती-पत्नीचे नाते संपुष्टात येते. परंतु त्या नात्याच्या काळात उभे राहिलेले घर, दागिने, ठेवी आणि कर्जे मागे उरतात. घटस्फोटानंतर पतीच्या मालमत्तेत पत्नीला निम्मा वाटा मिळतो, असा समज समाजात आढळतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ खालील विवाहांच्या बाबतीत हा समज बरोबर नाही. तेथे न्यायालय प्रथम मालकी कोणाची आहे हे पाहते. वाटणीचा प्रश्न त्यानंतर येतो. प्रस्तुत लेखात या भूमिकेचे स्वरूप, तिच्या मर्यादा आणि गोव्यातील वेगळी व्यवस्था यांचा विचार केला आहे.

स्त्रीधन

विवाहापूर्वी, विवाहाच्या वेळी किंवा विवाहानंतर स्त्रीला माहेरकडून, सासरकडून अथवा आप्तेष्टांकडून मिळालेल्या भेटी हे तिचे स्त्रीधन होय. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४ नुसार स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी असते. स्त्रीधन पतीच्या किंवा सासरच्या मंडळींच्या ताब्यात दिले म्हणून त्यांची मालकी निर्माण होत नाही. ते परत न केल्यास फौजदारीपात्र न्यासभंगाचा गुन्हा होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केले. २०२४ च्या एका निर्णयात याच न्यायालयाने स्त्रीधन ही पती-पत्नीची संयुक्त मालमत्ता नसल्याचे पुन्हा सांगितले. पतीने अडचणीच्या काळात ते वापरले तरी ते किंवा त्याचे मूल्य परत करण्याचे नैतिक दायित्व त्याच्यावर राहते.

प्रत्यक्षात अडचण असते ती पुराव्याची. लग्नात घातलेल्या दागिन्यांच्या पावत्या क्वचितच जपून ठेवल्या जातात. अशा दाव्यांत फौजदारी खटल्याप्रमाणे संशयातीत पुरावा मागितला जात नाही. दोन्ही बाजूंपैकी कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय आहे हे पाहिले जाते. त्यामुळे लग्नातील छायाचित्रे, भेटींच्या याद्या, बँक लॉकरच्या नोंदी आणि नातेवाइकांची साक्ष यांना महत्त्व येते.

संयुक्त भेटी आणि कलम २७

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २७ अन्वये, विवाहाच्या वेळी किंवा त्या सुमारास भेट मिळालेल्या आणि उभयतांच्या संयुक्त मालकीच्या असू शकणाऱ्या मालमत्तेबाबत न्यायालय हुकूमनाम्यात न्याय्य वाटेल अशी तरतूद करू शकते. विवाहानंतर कित्येक वर्षांनी एकाच्या कमाईतून घेतलेली सदनिका या कलमात बसत नाही. विशेष विवाह अधिनियम, १९५४ मध्ये तर असे समांतर कलमच नाही.

मात्र कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ७ नुसार पती-पत्नींच्या मालमत्तेविषयीचे आपसांतील दावे कुटुंब न्यायालयात चालतात. त्यामुळे मालकीचा वाद त्याच न्यायालयापुढे नेता येतो. परंतु तेथेही निकाल मालकी हक्काच्या आधारेच होतो.

राहत्या घराचा प्रश्न

घर दोघांच्या नावे असेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ४५ उपयोगी पडते. खरेदीची रक्कम दोघांनी आपापल्या पैशांतून भरली असल्यास ज्याने जितकी भरली त्या प्रमाणात हिस्सा ठरतो. याविषयी पुरावा नसेल तर हिस्से समान मानले जातात. म्हणूनच गृहकर्जाचे हप्ते कोणाच्या खात्यातून गेले, हा प्रश्न अशा दाव्यांत निर्णायक ठरू शकतो.

घर केवळ पतीच्या नावे असेल तर पत्नीची बाजू दुबळी होते. समजा, पतीच्या पगारातून हप्ते गेले आणि पत्नीने वीस वर्षे स्वयंपाक, मुलांचे संगोपन व वृद्धांची शुश्रूषा केली. खरेदीखतात या श्रमांची नोंद कोठेही नसते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक अधिनियम, २००५ मुळे सामायिक घरात राहण्याचे संरक्षण मिळू शकते. परंतु निवासाचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमांमुळेच पतीला अर्थार्जन करता येते हे मान्य करून, पतीच्या कमाईतून घेतलेल्या काही मालमत्तेत पत्नीचा समान वाटा मान्य केला. तथापि, सर्व विवाहांना लागू होणारा तसा केंद्रीय कायदा नाही.

पोटगी म्हणजे वाटणी नव्हे

ही उणीव काही अंशी कलम २५ खालील कायम पोटगीने भरून काढली जाते. उभयतांचे उत्पन्न, मालमत्ता, वर्तन व परिस्थिती पाहून न्यायालय एकरकमी किंवा नियतकालिक रक्कम ठरवते आणि आवश्यक तर तिचा बोजा स्थावर मालमत्तेवर ठेवते. उत्पन्न लपविण्याच्या प्रवृत्तीस आळा बसावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक केले. तरीही पोटगीचा हेतू दोघांची संपत्ती समान करणे हा नाही, असे त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये बजावले आहे. पोटगी गरजेवरून ठरते, तर वाटा हक्काने मिळतो, हा भेद मूलभूत आहे. परस्पर संमतीच्या घटस्फोटात मात्र पक्षकार तडजोडीच्या अटींतून घराचीही वाटणी करू शकतात.

गोव्यातील व्यवस्था

शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून वेगळी परंपरा आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पती-पत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक होते आणि विवाह संपल्यावर प्रत्येकाला निम्मा हिस्सा मिळतो. काही मालमत्ता यास अपवाद असते. २०१२ चा गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम २०१६ मध्ये अमलात आला. त्यातही हे तत्त्व कायम आहे. येथे पत्नीला आपण किती रक्कम भरली हे सिद्ध करत बसावे लागत नाही.

समारोप

विवाह कायदे (सुधारणा) विधेयक, २०१० मध्ये पतीच्या स्थावर मालमत्तेतून पत्नीला वाटा देण्याची तरतूद होती. २०१३ मध्ये राज्यसभेने ते मंजूर केले. परंतु लोकसभेची मुदत संपल्याने २०१४ मध्ये ते व्यपगत झाले. त्यामुळे आजही न्यायालयांना मालकीच्या कागदांवर अवलंबून राहावे लागते. जिचे नाव कागदावर नाही, तिच्या श्रमांचे मोल पोटगीच्या आकड्यातून शोधावे लागते. घर खरेदी करतानाच दोघांची नावे नोंदविणे, हप्त्यांच्या व दागिन्यांच्या नोंदी जपणे, हे उपाय कुटुंबांच्या हाती आहेत. परंतु गृहश्रमाला मालमत्तेच्या हक्काचा आधार मानावयाचे की नाही, हा निर्णय अखेर विधिमंडळालाच घ्यावा लागेल.