ही गोष्ट घरात काढायची कशी?



पाळणा लांबवण्याची साधने आता गावाच्या वेशीपाशी आली आहेत. निरोध, गोळ्या, तांबी, तीन महिन्यांचे इंजेक्शन, सारे सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. अडते ते तिथे नाही. अडते घरात, चुलीपाशी आणि अंथरुणावर. बायका नर्सबाईंना म्हणतात, “बाई, मला पटतंय हो, पण ह्यांना सांगू कसं?” आणि पुरुष म्हणतात, “माझी ना नाही, पण आईपुढं कोण बोलणार?” म्हणून या पत्रकात साधनांची माहिती थोडी आणि बोलण्याची जास्त.

लाज वाटते हे खरे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा लोकांनी त्यांना नावे ठेवली. पुढे त्यांच्या मासिकापायी त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. तेव्हा तुमची जीभ अडखळली तर त्यात नवल ते काय?

पहिली गोष्ट वेळेची. धनी रानातून दमून आला आहे, पोटात भूक आहे, अशा वेळी विषय काढू नका. दारू प्यालेल्या माणसाशी तर मुळीच नाही. दोघे बाजाराला निघालात, वाटेत तिसरे कोणी नाही, किंवा पोरे झोपली आहेत, ती वेळ चांगली.

दुसरी गोष्ट सुरुवातीची. “तुम्हाला माझी कधी काळजीच नाही” असे म्हटले की भांडण सुरू झालेच म्हणून समजा. त्याऐवजी आपल्या मनातले सांगा. “अहो, धाकटा अजून अंगावर पितोय. इतक्यात पुन्हा दिवस गेले तर मला झेपायचं नाही, अशी धास्ती वाटते.” यात आरोप नाही, खरी गोष्ट आहे. बाळंतपणानंतर निदान दोन वर्षे तरी दिवस राहू नयेत, म्हणजे दोन मुलांत सुमारे तीन वर्षांचे अंतर पडते आणि आईच्या अंगात रक्त भरून येते. अंगावर पाजत असताना पाळी आली नाही तरी दिवस राहू शकतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

एवढे बोलून थांबा. ऐका.

धनी बहुधा चिडून म्हणेल, “मला नको ते ऑपरेशन. माणूस कामाचा राहत नाही.” इथे हसू नका आणि “तुम्हाला काय कळतंय” असेही म्हणू नका. त्या चिडण्यामागे भीती असते. १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत नसबंदीसाठी सक्ती झाली, त्याच्या गोष्टी अजून पारावर निघतात. ती भीती खुळी नाही. आज लेखी संमतीशिवाय नसबंदी करता येत नाही. टेबलाजवळ जाऊनही “नको” म्हणून माघारी फिरण्याचा हक्क आहे. “तुम्हाला असं कुणी सांगितलं?” एवढेच शांतपणे विचारा, मग माहिती द्या. पुरुषाच्या नसबंदीत बीज वाहून नेणारी नळी तेवढी बंद करतात. मिशी, आवाज, इच्छा, ताकद आहे तशीच राहते. बिनटाक्याची शस्त्रक्रिया थोड्या मिनिटांची असते. त्याच दिवशी घरी येतात, दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड ओझे उचलायचे नाही. मात्र एक पक्के ध्यानात ठेवा : गुण लगेच येत नाही. पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचे. हे न सांगितल्यामुळे दिवस राहतात आणि बिचाऱ्या बायकोवर संशय येतो.

पुरुषांनीही असेच ऐकावे. बायको म्हणाली, “तांबी छातीत चढते,” तर तिला झिडकारू नका. तांबी गर्भाशयात बसवतात, ती छातीत जात नाही. पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जाऊ शकते, कळ येऊ शकते. हे खरे आहे, ते लपवू नये. तिला नको वाटली तर कधीही काढून घेता येते. आणि बायको एखाद्या रात्री नको म्हणाली तर ते नको, त्याची कारणे मागत बसू नये.

आता घरातल्या म्हातारीचे. “नातवाचं तोंड बघितलं की डोळे मिटायला मोकळी,” असे ती म्हणते. तिच्या काळी झालेली सगळीच पोरे हाती लागत नसत, म्हणून तिला एकावर भरवसा नाही. तिचे ऐकून घ्या. पण उत्तर सुनेने देऊ नये, मुलाने द्यावे. “हिलाच नको आहे” असे म्हणून पुष्कळ मर्द अंग काढून घेतात, ते बरे नव्हे. सरळ सांगा, “आई, तुझी माया कळते. पण आम्ही दोघांनी तीन वर्षं थांबायचं ठरवलंय. यावर आता रोज बोलणं नको.” उद्या पुन्हा विषय निघाला तर आवाज न चढवता तेच वाक्य पुन्हा म्हणा. पुन्हा निघाला, पुन्हा तेच.

मुलगाच हवा, असा हट्ट असेल तर शेतकऱ्याला सांगायला नको : ज्वारी पेरून जमिनीला बाजरी मागता येत नाही. मुलगा की मुलगी, हे पुरुषाच्या बीजावर ठरते. गर्भ तपासून घ्या म्हणणाऱ्याला समजावत बसू नका, ‘नाही’ म्हणा. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

इतके करूनही घरधनी ऐकेना तर? तांबी, गोळ्या, इंजेक्शन, इतकेच काय बाईच्या नसबंदीलाही नवऱ्याची सही लागत नाही. दोघांनी मिळून ठरवले तर उत्तमच, पण तिच्या शरीराचा शेवटचा शब्द तिचा. नर्सबाईंना एकटीने भेटा, त्या गोष्ट बाहेर फोडणार नाहीत. आणि बोलणे काढले म्हणून कोणी हात उचलत असेल, तर ते बोलणे उरले नाही. तिथे समजावणीचा शब्द वाया घालवू नका. १८१ हा महिलांच्या मदतीचा फोन आहे, तो लावा.

बहुतेक घरांत मात्र एवढी पाळी येत नाही. तिथे अडचण निराळीच असते : पहिल्या बोलण्यात काही ठरत नाही आणि विषय मागे पडतो. गप्प झालेल्या माणसाला रेटू नका. “आजचं राहू द्या, बाजारच्या दिवशी बोलू,” असे म्हणा आणि बाजारच्या दिवशी खरेच बोला. तोवर निरोध वापरा. आशाताईंकडे मिळतो.