कुर्ट माझूर आणि लाइपझिगचा तो सोमवार

कुर्ट माझूर हे नाव निघाले की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये निदर्शकांवर गोळ्या झाडल्या जाणार होत्या आणि एका वाद्यवृंद-संचालकाने एकट्याने तो रक्तपात टाळला. ऐकायला गोष्ट सुंदर आहे. पण अशी सांगितली की त्या संध्याकाळी रस्त्यावर उतरलेल्या सुमारे सत्तर हजार माणसांवर अन्याय होतो, आणि खुद्द माझूर यांच्यावरही.

तारीख ९ ऑक्टोबर १९८९. निकोलाय चर्चमध्ये दर सोमवारी शांततेसाठी प्रार्थना होई आणि सप्टेंबरपासून ती आटोपल्यावर लोक मोर्चाने निघू लागले होते. तीनच दिवस आधी शहरातल्या वृत्तपत्रात सशस्त्र कामगार दलाच्या एका कमांडरचे पत्र छापून आले होते. वेळ पडली तर हाती शस्त्र घेऊन हे सारे थांबवू, अशी त्यात उघड धमकी होती. बीजिंगच्या तिआनमेन चौकातले हत्याकांड चार महिन्यांपूर्वीचे, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ताजे. त्या सोमवारी घराबाहेर पडणारा प्रत्येक जण जीव मुठीत घेऊनच निघाला होता.

दुपारी माझूर यांच्या घरी सहा जण जमले. स्वतः माझूर, रंगमंचावर राजकीय विनोद करणारे बेर्न्ड-लुट्झ लांगे, धर्मशास्त्राचे अभ्यासक पेटर त्सिमरमान, आणि सत्ताधारी पक्षाचे तीन जिल्हा सचिव: कुर्ट मायर, योखेन पोमर्ट, रोलांड व्योत्सेल. हे शेवटचे तिघे मला फार महत्त्वाचे वाटतात. बर्लिनच्या वरिष्ठांना न विचारता त्यांनी सहा जणांच्या संयुक्त आवाहनावर आपली सही दिली. डाव उलटला असता तर त्यांची धडगत नव्हती. सहाच्या सुमारास हे आवाहन माझूर यांच्या आवाजात शहरभरच्या ध्वनिक्षेपकांवरून ऐकू आले. मजकूर अगदी छोटा. संयम राखा, म्हणजे शांततेने संवाद होऊ शकेल, एवढीच विनंती. सत्ता उलथण्याची भाषा त्यात नव्हती, उलट देशात समाजवाद पुढे कसा न्यायचा यावर मोकळेपणी बोलू द्या, असे म्हटले होते.

मग गोळीबार टळला कशामुळे? मोर्चा अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा निघाला आणि लोकांनी हिंसा होऊ दिली नाही. जिल्ह्याची सूत्रे तेव्हा हाताळणारे हेल्मुट हाकेनबेर्ग यांनी बळाचा वापर न करता पोलिसांना मागे घेतले. बर्लिनहून पक्षनेते एगोन क्रेंझ यांचा फोन आला तोवर लोक पुढे निघून गेले होते. माझूर हे या सगळ्यातले एक होते. मात्र सहा जणांत लोकांनी ओळखला आणि मानला तो आवाज त्यांचाच, आणि हा विश्वास एका दुपारी मिळालेला नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये पोलिसांनी रस्त्यावर वाजवणाऱ्या कलाकारांची धरपकड केली, तेव्हा ऑगस्टमध्ये माझूर यांनी आपल्या गेवांडहाउस या सभागृहात त्या विषयावर जाहीर चर्चा ठेवली. ऑक्टोबरनंतर तर नागरिकांच्या वादचर्चा तिथेच रंगू लागल्या.

यावरून ते राजवटीचे जुने विरोधक असावेत, असाही एक समज आहे. तो खरा नाही. १९७० पासून ते गेवांडहाउस वाद्यवृंदाचे प्रमुख होते, सरकारी सन्मान त्यांना मिळाले होते, पूर्व जर्मनीचे सर्वोच्च नेते एरिक होनेकर यांच्यापर्यंत त्यांचा शब्द पोहोचत असे. युद्धात बेचिराख झालेल्या जुन्या सभागृहाच्या जागी १९८१ मध्ये नवे गेवांडहाउस उभे राहिले, ते त्यांनी पाठपुरावा सोडला नाही म्हणून. या जवळिकीबद्दल त्यांना बोल लावणारे आजही आहेत. मला तो आक्षेप अपुरा वाटतो. आतल्या माणसाने आपले वजन लोकांच्या बाजूने टाकले, म्हणूनच त्या संध्याकाळी पक्षाचे तीन सचिव त्यांच्यासोबत उभे राहू शकले.

बर्लिनची भिंत पडल्यावरच पश्चिमेला त्यांचा शोध लागला, हेही चूक. १९७४ मध्येच त्यांनी क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राचे संचालन करून अमेरिकेत पदार्पण केले होते. १९९१ मध्ये न्यू यॉर्क फिलहार्मोनिकची धुरा त्यांच्याकडे आली ती आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांकडून. ती त्यांनी २००२ पर्यंत सांभाळली.

हातात बॅटन न घेता ते संचालन करत, त्याला बरेच जण लहर समजतात. कारण शारीरिक होते. उजव्या हाताच्या करंगळीचा स्नायुबंध आखडत गेला आणि ऐन सोळाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितले की पियानोवादक होणे विसरा. मुलगा संचालनाकडे वळला तो तिथून. पुढे आयुष्यभर मोकळ्या हातांनीच त्यांनी वाद्यवृंद चालवला.

बीथोवन आणि ब्राम्स यांच्यापलीकडे ते गेलेच नाहीत, हा आरोपही टिकत नाही. नव्या सहस्रकाच्या निमित्ताने न्यू यॉर्क फिलहार्मोनिकने ताज्या रचना लिहवून घेतल्या त्या त्यांच्याच काळात. तरुण ब्रिटिश संगीतकार थॉमस अदेस यांची रचना त्यांतलीच. अर्थात ब्राम्स त्यांना जवळचा होताच. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, २० सप्टेंबर २००१ ला, त्यांनी त्याच शहरात ब्राम्सचे ‘जर्मन रेक्विएम’ सादर केले.

आणि एक काम, जे फारसे कोणी सांगत नाही. फेलिक्स मेंडेल्सझोन १८३५ पासून गेवांडहाउसचा प्रमुख होता. तो ज्यू कुळातला म्हणून नाझींनी १९३६ मध्ये त्याचा लाइपझिगमधला पुतळा हटवला. १८४७ मध्ये ज्या घरात त्याने शेवटचा श्वास घेतला, ते घर पुढे मोडकळीला आले. ते वाचवण्यासाठी माझूर यांनी प्रतिष्ठान उभारले, निधी गोळा केला. १९९७ मध्ये तिथे मेंडेल्सझोनचे संग्रहालय उघडले आणि घर आजही पाहायला मिळते.