खुलाशाच्या ओळीने प्रताधिकाराचा भंग टळत नाही
व्हिडिओ गेमचे चित्रण, ‘उचित वापर’ आणि एक चिवट गैरसमज

व्हिडिओ गेम खेळताना पडद्यावर जे दिसते ते ध्वनिचित्रमुद्रित करून यूट्यूबसारख्या माध्यमावर टाकताना, त्याखालच्या वर्णनात एक ठरावीक इंग्रजी परिच्छेद चिकटवण्याची प्रथा जगभर रूढ झाली असून मराठी निवेदनाच्या चित्रफितीही तिला अपवाद नाहीत. १९७६च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १०७नुसार टीका, भाष्य, वृत्तांकन, अध्यापन आणि संशोधन यांसाठी ‘उचित वापर’ अनुज्ञेय आहे, असे त्या परिच्छेदात सांगितलेले असते. काही जण ‘हक्कभंगाचा हेतू नाही, सर्व श्रेय मूळ मालकांचे’ एवढ्यावरच भागवतात. एवढे लिहिले की गेमच्या निर्मात्याला हरकत घेता येत नाही, ही समजूत कितीही वेळा खोडून काढली तरी नव्या चित्रफितीबरोबर पुन्हा उगवते. ती निराधार तर आहेच, शिवाय घातकही आहे, कारण तिच्या भरवशावर राहणारा चित्रफीतकार ज्या गोष्टींनी त्याला खरोखर संरक्षण मिळाले असते त्यांच्याकडे पाहतच नाही.

पहिली गोष्ट अशी की १९७६चा हा कायदा अमेरिकेचा आहे. भारतात प्रताधिकाराचे, म्हणजेच कॉपीराइटचे, नियमन १९५७च्या अधिनियमाने होते आणि त्यात कलम १०७ला काही स्थान नाही. येथील अपवाद कलम ५२मध्ये दिलेले आहेत. दोन्ही कायद्यांची रचनाही भिन्न आहे. अमेरिकेतील ‘उचित वापर’ ही खुली संकल्पना असून न्यायालय प्रत्येक प्रकरणात चार निकष एकत्र तोलते: वापराचा हेतू व स्वरूप, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेल्या भागाचे प्रमाण व महत्त्व, आणि मूळ कृतीच्या बाजारावर होणारा परिणाम. याउलट भारतातील ‘उचित व्यवहार’ हा कलम ५२मध्ये नोंदवलेल्या हेतूंपुरताच मर्यादित आहे: संशोधनासह खासगी वा वैयक्तिक उपयोग, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन. वर्णनात काय लिहिले आहे, हा निकष यांपैकी एकाही कायद्यात नाही. न्यायालय चित्रफितीत काय केले आहे ते पाहते. तिच्याखाली काय जाहीर केले आहे, यावर निकाल ठरत नाही.

याचे नेमके उदाहरण २०१७च्या होसेनजादेह विरुद्ध क्लाइन या खटल्यात सापडते. एका यूट्यूबरच्या ५ मिनिटे २४ सेकंदांच्या चित्रफितीपैकी सुमारे ३ मिनिटे १५ सेकंद, म्हणजे निम्म्याहून अधिक भाग, दुसऱ्या दोघांनी आपल्या जवळपास १४ मिनिटांच्या चित्रफितीत वापरला होता, आणि तरीही न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयाने तो वापर उचित ठरवला. मूळ दृश्याचा थोडा तुकडा दाखवायचा, थांबायचे, त्यावर सविस्तर टीका करायची आणि मग पुढचा तुकडा घ्यायचा, अशी त्या चित्रफितीची घडण होती, आणि तिच्यामुळे मूळ चित्रफीत पाहण्याची गरज भागत नव्हती. मात्र त्याच निकालात न्यायालयाने हेही नोंदवले की प्रतिक्रिया देणाऱ्या सर्वच चित्रफिती उचित वापरात बसत नाहीत, कारण काहींमध्ये फारसे भाष्य नसून केवळ मिळून पाहण्याचा कार्यक्रम असतो. गेमच्या चित्रणाला हा भेद तंतोतंत लागू पडतो: एखाद्या गेमच्या रचनेची चिकित्सा करताना त्यातले प्रसंग दाखवणे वेगळे आणि कथाप्रधान गेमचा पहिल्या दृश्यापासून शेवटापर्यंतचा प्रवास एकही शब्द न बोलता दाखवणे वेगळे.

भारतीय न्यायालयांची दिशाही याहून फार निराळी नाही. एका प्रसिद्ध मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाच्या वादात, सिव्हिक चंद्रन विरुद्ध अम्मिणी अम्मा या १९९६च्या निकालात, केरळ उच्च न्यायालयाने घेतलेल्या भागाचे प्रमाण व मोल, घेण्यामागचा हेतू आणि दोन कृतींमध्ये स्पर्धा होण्याची शक्यता या तीन बाबी तपासल्या व प्रतिनाटकाला टीकेचे संरक्षण दिले. गेमच्या बाबतीत एक अधिकची गुंतागुंत आहे. कलम ५२मधील उचित व्यवहाराच्या तरतुदीतून संगणकीय आज्ञावली शब्दशः वगळलेली आहे, त्यामुळे भारतातील चित्रफीतकाराला आपण आज्ञावली नव्हे, तर तिने पडद्यावर उमटवलेली दृश्ये व ध्वनी समीक्षेसाठी घेतले आहेत, अशी मांडणी करावी लागेल. अमेरिकी कायद्याचा परिच्छेद चिकटवणाऱ्याने या प्रश्नाचा विचारही केलेला नसतो.

उलट असा परिच्छेद अंगाशीही येऊ शकतो. भारतीय अधिनियमाच्या कलम ५५नुसार, कृतीवर प्रताधिकार आहे याची ज्याला जाणीव नव्हती आणि असण्याचे वाजवी कारणही नव्हते, त्याच्याविरुद्ध दिवाणी दाव्यात मिळणारी दाद काही अंशी सीमित होते. परंतु ‘हक्क मूळ मालकाचे’ असे स्वतःच लिहिणाऱ्याने आपल्याला ती जाणीव होती हे मान्यच केलेले असते. ‘हे शेत माझे नाही’ अशी पाटी बांधावर रोवल्याने आतले पीक कापून नेण्याची मुभा मिळत नाही.

मग गेमचे लक्षावधी तासांचे चित्रण उघडपणे पाहायला कसे मिळते? त्यातले पुष्कळसे चित्रण उचित वापराच्या जोरावर नव्हे, तर निर्मात्यांच्या परवानगीवर किंवा सहनशीलतेवर उभे आहे. मायक्रोसॉफ्टने आपल्या गेममधील दृश्ये वापरण्याचे नियम प्रसिद्ध केले असून ठरावीक माध्यमांवरील जाहिरातींचे उत्पन्न घेण्याची मुभा त्यांत दिलेली आहे. विशेष म्हणजे, ही निर्मिती त्या नियमांखाली केली असून तिला कंपनीचे समर्थन नाही, अशा आशयाची ओळ हे नियमच लिहायला लावतात. म्हणजे वर्णनातील ओळीला अर्थ आहे, पण तो परवान्याची अट म्हणून. निन्टेन्डोचा मार्ग अधिक वळणाचा होता: २०१३मध्ये तिने चाहत्यांच्या चित्रफितींवरील जाहिरातींचे उत्पन्न आपल्याकडे वळवले, २०१५मध्ये ते वाटून घेण्याची योजना आणली आणि २०१८च्या अखेरीस ती गुंडाळून सर्वांसाठी मार्गदर्शक नियम जाहीर केले, ज्यांत चित्रफीतकाराचे स्वतःचे सर्जनशील योगदान किंवा भाष्य अपेक्षित आहे.

अशी परवानगी सशर्त असते आणि काढूनही घेता येते. २०१७मध्ये ‘पर्सोना ५’ हा गेम प्रकाशित करताना अ‍ॅटलस कंपनीने कथेतील ठरावीक तारखेपुढचे चित्रण दाखवू नये असे बजावले आणि टीका झाल्यावर ती मर्यादा बरीच पुढे सरकवली. त्याच वर्षी एका प्रसिद्ध स्वीडिश यूट्यूबरने थेट प्रक्षेपणात वर्णद्वेषी शब्द उच्चारल्यावर ‘फायरवॉच’च्या निर्मात्यांनी त्याची आपल्या गेमवरील चित्रफीत हटवण्याची नोटीस दिली, जरी त्यांच्या संकेतस्थळावर प्रक्षेपणाला एरवी मुभा होती. सर्वांत गंभीर प्रकरण जपानचे आहे. कथाप्रधान ‘स्टाइन्स;गेट’ मालिकेतील एका गेमचे शेवटासह चित्रण, तसेच काही अ‍ॅनिमे मालिकांचे संक्षेप अपलोड करून उत्पन्न मिळवणाऱ्या एका व्यक्तीला सेंदाई जिल्हा न्यायालयाने २०२३मध्ये दोन वर्षांची, पाच वर्षांसाठी स्थगित ठेवलेली, कारावासाची शिक्षा आणि दहा लाख येनचा दंड ठोठावला.

अमेरिकी कायदा भारतातील चित्रफीतकाराला गाठतो तो वर्णनातून नव्हे, तर तक्रारीच्या प्रक्रियेतून. यूट्यूबवरील स्वयंचलित ‘कन्टेन्ट आयडी’ यंत्रणेने केलेला दावा आणि मालकाने औपचारिक विनंती करून चित्रफीत हटवल्यावर बसणारी ‘स्ट्राइक’ या भिन्न गोष्टी आहेत: पहिल्यात बहुधा जाहिरातीचे उत्पन्न दावेदाराकडे जाते, तर ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाल्यास वाहिनीच बंद होऊ शकते. चित्रफीत परत मिळवण्यासाठी प्रतिसूचना देणाऱ्याला स्वतःचे नाव व पत्ता कळवून अमेरिकेच्या संघीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते. सांगली-सोलापुरात राहणाऱ्याने ही संमती देण्यापूर्वी आपली चित्रफीत खरोखर समीक्षा आहे का, हे स्वतःला विचारलेले बरे. दुसऱ्या बाजूने, मालकालाही बंधन आहे: लेन्झ विरुद्ध युनिव्हर्सल या प्रकरणी अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने २०१५मध्ये ठरवले की नोटीस देण्यापूर्वी उचित वापराचा विचार करणे मालकाला भाग आहे.

उरलेले गैरसमज थोडक्यात निकाली काढता येतात.

‘गेम विकत घेतला, म्हणजे चित्रणाचा हक्क मिळाला.’ खरेदीने खेळण्याचा परवाना मिळतो. दृश्ये जनतेपर्यंत पोहोचवण्याचा हक्क मालकाकडेच राहतो.

‘प्रत्येकाचा खेळ वेगळा, म्हणून चित्रण खेळणाऱ्याचे.’ ‘स्क्रॅम्बल’ या गेमबाबत हाच युक्तिवाद १९८२मध्ये स्टर्न विरुद्ध कॉफमन खटल्यात झाला, आणि खेळ बदलला तरी दृश्यध्वनींचा बराच भाग तोच राहतो, म्हणून तो संरक्षित आहे, असे न्यायालयाने सांगितले.

‘तीस सेकंदांपर्यंत चालते.’ अशी सूट भारताच्या वा अमेरिकेच्या कायद्यात कोठेही नाही.

‘पैसे घेतले नाहीत, म्हणजे गुन्हा नाही.’ भारतीय अधिनियमाच्या कलम ६३नुसार व्यापारी लाभ नसल्यास न्यायालय शिक्षा कमी करू शकते, पण अपराध पुसला जात नाही. तसेच पैसे घेतले म्हणून उचित वापर आपोआप बादही होत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४च्या कॅम्पबेल निकालात स्पष्ट केले.

‘गेमची परवानगी आहे, म्हणजे त्यातल्या गाण्यांचीही आहे.’ गाण्यांचे हक्क बहुधा संगीत कंपन्यांकडे असतात, म्हणूनच ‘सायबरपंक २०७७’मध्ये अशी गाणी वगळण्याची वेगळी सोय देण्यात आली.

टीकेचा आणि समीक्षेचा अपवाद ही कायद्याने वाचक-प्रेक्षकांना दिलेली मोलाची ढाल आहे, आणि निरर्थक परिच्छेदाशी तिची गल्लत करणे हा तिचा अवमान आहे. मराठीत गेमची गंभीर समीक्षा करू इच्छिणाऱ्याने आधी निर्मात्याचे नियम वाचावेत, मुद्द्यापुरतेच दृश्य घ्यावे, प्रत्येक तुकड्यावर स्वतःचे भाष्य करावे आणि कथेचा शेवट समीक्षेला आवश्यक असेल तेव्हाच दाखवावा. एवढे केलेल्या चित्रफितीला खुलाशाच्या परिच्छेदाची गरज उरत नाही, आणि एवढे न केलेल्या चित्रफितीला तो वाचवू शकत नाही.