दहा दिवसांचे वेटाळ

सोयरीक जुळवताना वऱ्हाडात आधी गाव विचारतात, मग वेटाळ विचारतात आणि घर सर्वांत शेवटी पाहतात. या क्रमामागे पिढ्यांचा हिशेब आहे. घराची डागडुजी करता येते, वेटाळ मात्र बदलता येत नाही. पाणी किती वाजता येते, बाजार किती लांब आहे, रात्री दार वाजवले तर कोण धावून येईल, हे सारे वेटाळ ठरवते. परदेशात सुट्टीसाठी सहकुटुंब घर भाड्याने घेताना मात्र हाच क्रम आपण नेमका उलटा करतो. आधी मोबाइलवर सोफ्याचे छायाचित्र पाहतो, मग भाडे पाहतो आणि वेटाळ तिथे उतरल्यावर कळते.

येत्या मे महिन्यात आमच्या घरातले सात जण दहा दिवसांसाठी लंडनला जाणार आहेत. त्यात चौऱ्याहत्तर वर्षांची आई आहे, तेरा आणि नऊ वर्षांची दोन मुले आहेत. सात जणांना हॉटेलच्या तीन खोल्या परवडत नाहीत आणि आईला रोज बाहेरचे अन्न सोसत नाही. म्हणून स्वयंपाकघर असलेले घर हवे. आमच्यापैकी कोणीही ते शहर पाहिलेले नाही. न पाहिलेल्या शहराचे वेटाळ दारव्ह्यात बसून कसे वाचायचे, हा प्रश्न वर्षभर माझ्यासमोर होता. तो सोडवताना जे हाती लागले, ते इथे मांडतो.

दारव्ह्याचे आणि विलायतेचे नाते तसे जुने. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची ‘शकुंतला’ याच गावावरून जाई. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी ही नॅरोगेज बांधली. तिचे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला तयार झाले आणि १९९४ पर्यंत धावले. इथला कापूस तिकडे गेला, पिकवणारा मात्र इथेच राहिला. आता त्याची नातवंडे तिकडे सुट्टीला निघाली आहेत. फरक एवढाच, की कापसाला तिथे कुठे उतरायचे ते ठरवावे लागत नव्हते.

आधीची माणसे कुठे राहिली?

अनोळखी शहरात आपली माणसे कुठे राहिली, हे पाहणे ही वेटाळ शोधण्याची पहिली खूण. लंडनमध्ये मराठी माणसांचे जे पत्ते इतिहासात नोंदले गेले, त्यांचा नकाशा केला तर बहुतेक खुणा शहराच्या उत्तर आणि वायव्य अंगाला पडतात. श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये हिंदी विद्यार्थ्यांसाठी उघडलेले आणि पुढे सावरकर जिथे राहिले ते ‘इंडिया हाउस’ हायगेटला होते. चिरोल खटल्यासाठी गेलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये मेडा व्हेल भागातल्या हाउली प्लेसवर राहिले. त्या घरावर आज निळी पाटी आहे. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये प्रिमरोज हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड इथे राहिले. १९३२ मध्ये न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आज डॉलिस हिल लेनवर, त्याच वायव्य दिशेला आहे.

या पत्त्यांकडे पाहून लगेच त्याच गल्ल्यांमध्ये घर शोधणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. ती माणसे महिनोन्महिने राहायला गेली होती, तरुण किंवा धडधाकट होती आणि शंभर वर्षांपूर्वीचे भाडे भरत होती. आज प्रिमरोज हिल हा लंडनमधल्या महागड्या भागांपैकी एक आहे. तिथली चार-पाच मजली व्हिक्टोरियन घरे फ्लॅटमध्ये विभागलेली आहेत. त्यांचे जिने अरुंद आहेत आणि बहुतेकांत लिफ्ट नाही. तरीही किंग हेन्रीज रोडकडे बारकाईने पाहावे लागते. आमच्या प्रवासाचे ते एक मुख्य ठिकाण आहे, हे त्याचे एक कारण. पाहुणा आणि वेटाळ यांचा झगडा त्या घराइतका स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही, हे दुसरे.

किंग हेन्रीज रोडचा वाद

महाराष्ट्र शासनाने हे घर २०१५ मध्ये विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे स्मारक म्हणून उद्घाटन झाले. लोक येऊ लागले. शेजारच्या काही रहिवाशांनी गर्दीची आणि आवाजाची तक्रार केली. मग कॅम्डेन कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, मुद्दा काढला की नियोजनाच्या नोंदीत ही इमारत निवासी आहे आणि संग्रहालयासाठी परवानगी घेतलेलीच नाही. उशिरा मागितलेली परवानगी २०१८ मध्ये नाकारण्यात आली. नकाराचे मुख्य कारण होते राहत्या घराची जागा कमी होणे. प्रकरण अपिलात गेले, २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी स्मारकाच्या बाजूने निकाल दिला.

दीक्षाभूमीच्या विदर्भात वाढलेल्या माणसाला हा वाद वाचताना आधी राग येतो. बाबासाहेबांच्या घराला हरकत घेणारे हे कोण? राग ओसरल्यावर दिसते, की कौन्सिलने मांडलेला मुद्दा त्या शहराच्या एका खऱ्या दुखण्याचा आहे. लंडनमध्ये राहायला घरे कमी आहेत. निवासी इमारतीतला एकेक मजला दुसऱ्या वापरात गेला, की तिथे राहू शकणारे एक कुटुंब कमी होते. स्मारकाचे ऐतिहासिक मोल त्या तोट्यापेक्षा मोठे ठरले, म्हणून स्मारक टिकले. आमच्या दहा दिवसांच्या सुट्टीला असे कोणते मोल दाखवता येणार? आपण भाड्याने घेतो त्या प्रत्येक फ्लॅटला हाच प्रश्न लागू होतो आणि त्याचे उत्तर कायद्याने आधीच लिहून ठेवले आहे.

नव्वद रात्री

१९७३ च्या कायद्यानुसार लंडनमध्ये राहते घर नव्वद रात्रींपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने द्यायला नियोजनाची परवानगी लागत असे. २०१५ मध्ये हा नियम सैल झाला. आता मालकाला एका कॅलेंडर वर्षात एकूण नव्वद रात्रींपर्यंत परवानगीशिवाय असे घर देता येते. वेटाळ निवडणाऱ्याने यातून एक साधी कसोटी घ्यावी. ज्या फ्लॅटचे आरक्षण वर्षभर खुले दिसते, त्याच्या मालकाला परवानगीबद्दल विचारावे.

फ्लॅट असेल तर दुसरी गाठ असते. इंग्लंडमध्ये बहुतेक फ्लॅटची मालकी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने असते आणि त्या पट्ट्यात ‘फक्त खासगी निवासासाठी’ अशी अट अनेकदा असते. उत्तर लंडनमधल्या अशाच एका फ्लॅटच्या खटल्यात २०१६ मध्ये निकाल लागला, की काही रात्रींसाठी पाहुण्यांना देत राहणे म्हणजे त्या अटीचा भंग. म्हणजे कौन्सिलची हरकत नसली तरी इमारतीची असू शकते. शेजाऱ्याने तक्रार केली आणि आयत्या वेळी आरक्षण रद्द झाले, तर सात जण सामानासह फुटपाथवर येतात. व्हिसाच्या अर्जात मुक्कामाचा पत्ता लिहायचा असतो, तोही मग डळमळतो.

हे लोण फक्त लंडनचे नाही. ॲमस्टरडॅममध्ये मर्यादा वर्षाला जास्तीत जास्त तीस रात्रींची आहे. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केले, की शहरातल्या १०,१०१ पर्यटक-फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवले जातील. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुक्कामासाठी यजमानाने स्वतः घरात हजर असावे लागते आणि पाहुणे दोनच चालतात. तिथे सात जणांच्या कुटुंबाचा प्रश्नच मिटतो. सिंगापूरमध्ये खासगी निवासी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी देताच येत नाही. म्हणून कोणत्याही शहरात वेटाळ शोधण्याआधी त्या शहराचा हा नियम शोधावा.

गुडघा आणि नकाशा

नियमाची चाळण लावल्यावर तीन भाग उरले: प्रिमरोज हिलचा परिसर, पश्चिमेचे साउथॉल आणि वायव्येचे वेंब्ली. प्रवासी मार्गदर्शिका वेटाळ मोजतात ते राजवाड्यापासूनच्या अंतरावर. आमच्या घरात मोजमाप वेगळे असायला हवे होते. कुटुंबात जो सर्वांत कमी चालतो, त्याच्या पायांनी नकाशा वाचायचा. आईचे दोन्ही गुडघे दुखतात. अर्धा तास बसून प्रवास ती सहज करते, पण तीस पायऱ्या तिला जमत नाहीत. म्हणजे मैल मोजायचे नाहीत, पायऱ्या मोजायच्या.

लंडनच्या भुयारी रेल्वेतील अनेक स्थानके जुनी आहेत आणि सगळीकडे लिफ्ट नाही. पायऱ्यांविना फलाटापर्यंत जाता येणारी स्थानके दाखवणारा स्वतंत्र नकाशा तिथली वाहतूक संस्था काढते. सर्वांत उपयोगी कागद हाच. त्यावर पाहिले तर प्रिमरोज हिलजवळचे चॉक फार्म आणि स्विस कॉटेज ही दोन्ही स्थानके आईसाठी बाद होतात. मे २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनवर सर्व स्थानकांत लिफ्ट किंवा उतार आहे. साउथॉल याच मार्गावर आहे, शिवाय हीथ्रो विमानतळावरून थेट. वेंब्ली पार्क ज्युबिली लाइनवर आहे. तिथे लिफ्ट आहे आणि त्याच गाडीने पुढे ग्रीन पार्क आणि वेस्टमिन्स्टर ही लिफ्ट असलेली स्थानके, गाडी न बदलता.

साउथॉल आणि वेंब्ली यांत निवड ताटावरून झाली. साउथॉल मुख्यतः पंजाबी आहे. वेंब्लीच्या ईलिंग रोडवर गुजराती वस्ती दाट आहे. तिथे शाकाहारी खानावळी, भाजीवाले आणि २०१० मध्ये उघडलेले दगडी सनातन मंदिर आहे. मेथी, कढीपत्ता, तूरडाळ चालत जाऊन आणता येईल. रविवारी इंग्लंडमध्ये मोठी दुकाने कायद्याने सहाच तास उघडी असतात, लहान दुकानांना ते बंधन नाही. डॉलिस हिलचे महाराष्ट्र मंडळही त्याच ज्युबिली लाइनवर, वेंब्ली पार्कपासून दुसरे स्थानक.

वेंब्लीचा एक दोष छायाचित्रात दिसत नाही. तिथल्या स्टेडियममध्ये नव्वद हजार माणसे मावतात. सामन्याच्या किंवा गाण्याच्या मैफलीच्या दिवशी स्थानकाबाहेर जत्रा असते आणि भाडेही त्या दिवसांत चढते. स्टेडियमचे वेळापत्रक आधी जाहीर होते, म्हणून आमच्या तारखा त्यावरून ठरवल्या. किंग हेन्रीज रोडला जायच्या दिवशी टॅक्सी करायची. दहा दिवसांतल्या एका दिवसासाठी उरलेल्या नऊ दिवसांचे वेटाळ ठरवू नये.

फोडणीचा आवाज

वेटाळ ठरले, की घराच्या आत पाहावे. आपल्या स्वयंपाकाचे प्रश्न जाहिरातीत लिहिलेले नसतात, ते विचारावे लागतात. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमची भांडी चालत नाहीत, लोखंडी तवा चालतो. खिडकी उघडते का? स्वयंपाकघराला धूर ओढणारा पंखा आहे का? मोहरी-मिरचीच्या फोडणीने धुराचा भोंगा वाजू शकतो. तसेच रात्री अकरा ते सकाळी सात या वेळेत आवाज जास्त झाला तर शेजारी कौन्सिलकडे तक्रार करू शकतो. मध्यरात्रीच्या गप्पा आणि चाकांच्या बॅगांचा जिन्यावरचा खडखडाट हे आपल्याला उत्साहाचे वाटते, पण भिंतीपलीकडे कोणाला सकाळी कामावर जायचे असते.

या सर्वांचा विचार करून आम्ही राहत्या इमारतीतला फ्लॅट घेतलेला नाही. वेंब्ली पार्कला चालत्या अंतरावर, पाहुण्यांच्या मुक्कामासाठीच परवानगी घेऊन बांधलेल्या, स्वयंपाकघरासह खोल्या देणाऱ्या इमारतीत दोन घरे घेतली. भाडे थोडे जास्त पडले. पण तिथे आमच्यामुळे कोणाचे राहते घर अडत नाही आणि कोणाच्या तक्रारीने आमचे आरक्षण रद्द होण्याची धास्ती नाही.

परदेशातले घर निवडताना आपण किती सुरक्षित, किती स्वस्त, किती जवळ एवढेच विचारतो, आणि ते विचारलेच पाहिजे. त्यात एका प्रश्नाची भर घालावी: आपण तिथे गेल्याने त्या वेटाळाचे काय होईल? दारव्ह्यात कोणाकडे दहा दिवस पाहुणे उतरले, तर शेजारी त्यांना आपले मानून पाण्याची वेळ सांगतात. परमुलखात ती वेळ कोणी सांगत नाही. ती आपणच आधी विचारून जायची असते.