ज्यूल्स सँडोझची जमीन

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पश्चिम भागात, नायोब्रारा नदीच्या खोऱ्यात एक स्विस तरुण विहीर खणत होता. काम उरकल्यावर सोबती त्याला दोराने वर ओढू लागले आणि थट्टेथट्टेत त्यांनी दोराला हिसके दिले. दोर तुटला. ज्यूल्स सँडोझ तळाशी आदळला, घोट्याचा चुरा झाला. फोर्ट रॉबिन्सनच्या लष्करी दवाखान्यात पोचेपर्यंत पायाची अवस्था इतकी वाईट झाली होती, की तो कापावाच लागेल असं डॉक्टरांचं मत पडलं. ‘कापलात तर गोळी घालीन,’ अशी धमकी ज्यूल्सने दिली. पाय वाचला, लंगडणं मात्र जन्माला चिकटलं. ते तरुण डॉक्टर म्हणजे वॉल्टर रीड. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे 1900 साली क्युबात सिद्ध करणाऱ्या पथकाचे प्रमुख पुढे तेच झाले.

ज्यूल्स 1881 मध्ये अमेरिकेत आला. झुरिकला तो वैद्यकाचं शिक्षण घेत होता, पण घरच्यांशी बिनसलं. त्याला इथे ओढून आणलं ते जमिनीने. 20 मे 1862 रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली होती. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसाने, मग तो नागरिकत्व घेऊ इच्छिणारा परदेशी का असेना, सरकारी कचेरीत अर्ज करायचा आणि 160 एकर मागायचे. तिथे घर बांधून पाच वर्षं राहायचं, जमीन कसायची, शेजाऱ्यांच्या साक्षी द्यायच्या. मग जमीन नावावर. फी सगळी मिळून अठरा डॉलरच्या आसपास. एकट्या बाईलाही अर्ज करता येई, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. या कायद्याखाली पुढे सुमारे 27 कोटी एकर जमीन वाटली गेली.

कागदावर हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात त्या अफाट गवताळ सपाटीवर घर बांधायला लाकूड नसे, दगड नसे. मग माणसं गवतच वापरत. नांगराने जमिनीचा वरचा थर लांब पट्ट्यांत सोलून काढायचा. गवताच्या मुळांचं जाळं इतकं घट्ट, की माती सुटत नसे. त्या पट्ट्यांचे फावड्याने दोन-तीन फुटी तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून ते एकावर एक रचायचे. भिंती हातभर जाडीच्या, त्यामुळे उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब. पण पाऊस पडला की छतातून चिखल गळे. बाहेर उघडीप झाली तरी आत गळत राही. आतल्या बाईने स्वयंपाक करायचा तो अशा छताखाली, वाळलेलं शेण जाळून. सॉलोमन बुचर या छायाचित्रकाराने 1886 पासून नेब्रास्काच्या कस्टर काउंटीत अशा घरांसमोर कुटुंबं उभी करून फोटो काढले. दारापुढे टेबल, घोडे, गाय, सगळी मालमत्ता मांडलेली आणि मधे ताठ बसलेली माणसं. ते फोटो आवर्जून पाहावेत.

निसर्ग दयामाया करत नसे. 1874 मध्ये टोळांनी उभी पिकं खाल्ली. 12 जानेवारी 1888 च्या हिमवादळाने शाळेतून घरी निघालेली मुलं वाटेतच गाठली. दोनशेच्या वर माणसं त्यात गेली असं मानलं जातं. 1890 च्या दशकातल्या दुष्काळामुळे कितीतरी कुटुंबं गाडी जुंपून मागे फिरली.

ज्यूल्स फिरला नाही. उलट तो इतरांना बोलावत राहिला. नव्याने येणाऱ्यांना जमीन शोधून देणं, हद्दी दाखवणं, त्यांच्यासाठी अर्ज करणं हे त्याचं काम झालं. मोठ्या गुरांच्या मालकांना शेतकरी नको होते. सरकारी कुरणाला बेकायदा कुंपणं घालून ते बसले होते आणि ज्यूल्स त्यांच्याशी भांडत राहिला. त्याचा भाऊ एमिल 1908 मध्ये गोळीला बळी पडला. ज्यूल्सने वाळूच्या टेकड्यांत फळबागाही फुलवल्या, आणि इथे काही पिकणार नाही म्हणणाऱ्यांना खोटं पाडलं.

त्याच्या घराजवळ मूळनिवासी लकोटा लोक तळ ठोकत. तो त्यांच्याबरोबर शिकारीला जाई. ही सारी भूमी मुळात त्यांच्या वावराची. उत्तरेला पाइन रिजच्या राखीव प्रदेशात, वुंडेड नी इथे 29 डिसेंबर 1890 रोजी अमेरिकन सैन्याने अडीचशेहून अधिक लकोटांना ठार केलं, त्यात बायकामुलं होती. ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांमागे हा हिशेब आहे आणि होमस्टेडची कोणतीही कहाणी तो वगळून सांगणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

घरातही हिशेब होताच. ज्यूल्सची चार लग्नं झाली. रागात तो बायकांवर हात उगारत असे. पहिल्या तिघींशी संसार टिकला नाही. चौथी, मेरी, सहा मुलांसह टिकून राहिली; बाग, गुरं, चूल यांचा भार तिच्यावर. 1904 च्या किंकेड कायद्याने पश्चिम नेब्रास्कात 640 एकर मिळू लागले, कारण त्या कोरड्या वाळूच्या टेकड्यांत 160 एकरांवर पोट भरत नव्हतं. मग ज्यूल्सने तिथेही जमीन घेतली. थोरली मुलगी मारी किशोरवयात भावाबरोबर तिथे राहून ती सांभाळत होती. एकदा हिमवादळात अडकलेली गुरं बर्फातून उकरून काढताना बर्फाच्या झळाळीने तिचे डोळे दिपले आणि एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली.

लेखक-कलावंत म्हणजे समाजावर पोसलेले किडे, असं ज्यूल्सचं मत होतं. मारी लिहू लागली तेव्हा त्याने ते तिला कळवूनही टाकलं. पण 1928 मध्ये अलायन्स गावच्या इस्पितळात मरणाच्या दारी असताना त्याने तिलाच सांगितलं, माझं आयुष्य लिही. तिने पत्रं, वर्तमानपत्रं, सरकारी दप्तरं चाळली. एकामागून एक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. अखेर 1935 मध्ये अटलांटिक मासिकाचं पारितोषिक मिळून ‘ओल्ड ज्यूल्स’ छापलं गेलं. त्यात बागा आहेत, गुरांच्या मालकांशी झालेली भांडणं आहेत आणि आईच्या अंगावरचे वळही तिने गाळलेले नाहीत.