दाण्यातली ऊब, पिशवीतला घाम

धिंगरी अळंबीची आता महाराष्ट्रात नवलाई राहिलेली नाही. भाताचा पेंढा किंवा गव्हाचा भुसा भिजवायचा, निर्जंतुक करायचा, थरांमध्ये बी पेरून पिशव्या टांगायच्या, हे बचत गटांच्या प्रशिक्षणातही शिकवतात. बी, म्हणजे धान्यावर वाढवलेली अळंबीची बुरशी किंवा स्पॉन, मात्र बहुतेक जण विकतच आणतात. ते घरी करून पाहणाऱ्यांचा सगळा जीव कुकर, स्पिरिटचा दिवा आणि हातमोजे यांत गुंतलेला असतो. पिशवी मांडणीवर गेली की आपलं काम संपलं, आता बुरशी बघून घेईल, असं त्यांना वाटतं. खरं तर स्वच्छता चोख असूनही स्पॉन बिघडतो तो पुष्कळदा याच पुढच्या दोन-तीन आठवड्यांत, आणि तोही ऊब कमी पडली म्हणून क्वचितच. बुरशी स्वतःची उष्णता आणि स्वतःचं पाणी स्वतःच तयार करत असते. त्यात आपण घरातल्या तापमानाच्या चढउतारांची भर घालतो, तिथे गाडं बिघडतं.

शेणाच्या विटांपासून ज्वारीपर्यंत

एकोणिसाव्या शतकात युरोपात जुन्या वाफ्यांतलं तंतू धरलेलं खत, नाहीतर शेणखताच्या वाळवलेल्या विटा, हेच अळंबीचं बी असे. १८९४ मध्ये फ्रान्समध्ये कॉन्स्टॅन्टिन आणि मात्रुशो यांनी बीजाणूंपासून शुद्ध कल्चर तयार केलं. मग अमेरिकेत जेम्स सिंडेन यांनी उकडलेल्या निर्जंतुक धान्यावर बुरशी वाढवण्याची पद्धत काढली. तिचं पेटंट १९३२ चं. प्रत्येक दाणा म्हणजे वाढीचा एक स्वतंत्र बिंदू, ही तिची खुबी. भारतात सोलनला १९६१ पासून अळंबीचं काम सुरू झालं आणि १९८३ मध्ये तिथे राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. आपल्याकडे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातला समन्वित अळंबी प्रकल्प प्रशिक्षण आणि स्पॉन या दोन्हींसाठी ओळखीचा आहे. धान्य गहू किंवा ज्वारीचं. ज्वारीचा दाणा लहान, त्यामुळे तेवढ्याच वजनात पेरणीचे बिंदू जास्त मिळतात.

ओल दाण्याच्या पोटात हवी

तयार दाण्यात ४५ ते ५० टक्के पाणी असावं, असं सगळीकडे सांगतात. घरी हे मोजायला वजनकाटा पुरतो. कोठीतल्या एक किलो गव्हात साधारण १२ टक्के पाणी असतं, म्हणजे कोरडा भाग ८८० ग्रॅम. भिजवून, उकडून, निथळून त्याचं वजन १.६ ते १.७५ किलोच्या दरम्यान भरलं, की प्रमाण जमलं. वजन त्याहून जास्त भरलं तर पाणी दाण्याच्या अंगावर राहिलेलं असतं.

दाणा बोटाने दाबला जावा, पण फुटू नये. फुटलेल्या दाण्यातून पिठूळ द्रव सुटतो, दाणे एकमेकांना चिकटतात आणि त्या गोळ्याच्या आत हवा पोचत नाही. उकडलेलं धान्य चाळणीवर किंवा स्वच्छ कापडावर पसरून गरम असतानाच वाफ जाऊ द्यावी. मूठभर दाणे कोऱ्या कागदावर ठेवले आणि उचलल्यावर ओला डाग उमटला, तर आणखी थांबावं. मग कोरड्या धान्याच्या वजनाच्या दोन टक्के जिप्सम आणि अर्धा टक्का चुनखडीची भुकटी मिसळायची. जिप्समने दाणे सुटे राहतात, चुनखडी आम्लता आवरते.

आदल्या रात्री धान्य भिजत घालण्यामागेही कारण आहे. बॅसिलस जातीच्या जीवाणूंचे सुप्त बीजाणू नुसत्या उकळीने मरत नाहीत. बारा तास भिजल्यावर त्यातले बरेच जागे होतात आणि जागे झालेले कुकरमध्ये लवकर मरतात. कुकरचा दाब १५ पौंड, तापमान १२१ अंश, आणि दाब धरल्यापासून दीड तास. तेवढ्या वेळात कुकरातलं पाणी आटणार नाही, याचा अंदाज आधी घ्यावा.

पिशवी का तापते

मराठवाड्यात, सोलापूरकडे पूर्वी ज्वारी पेवात साठवत. ओलसर धान्याचं पेव आतून तापायचं, आणि पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे, कारण तळाशी कार्बन डायऑक्साइड साचलेला असे. स्पॉनच्या पिशवीत घडतं ते हेच. बुरशी स्टार्च आणि प्राणवायू वापरते, आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकते. १०० ग्रॅम स्टार्च पूर्ण जळला तर सुमारे ५५ ग्रॅम पाणी तयार होतं आणि पाच लिटर पाणी २० अंशांपासून उकळीला आणण्याइतकी उष्णता सुटते. पिशवीत ती दिवसामाशी थोडी थोडी सुटते, म्हणून हाताला फारशी जाणवत नाही. पण वाढ जोरात असताना दाण्यांच्या मध्यभागी खोलीपेक्षा दोन-चार अंश जास्त असणं नेहमीचंच.

उष्णता तयार होते सगळ्या दाण्यांत आणि बाहेर पडते फक्त पिशवीच्या कातडीतून. म्हणून दोन किलोच्या एका जाड पिशवीपेक्षा अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चार चपट्या पिशव्या सुरक्षित. त्या एकमेकींवर रचायच्या नाहीत. जाळीच्या मांडणीवर मध्ये तीन-चार बोटं अंतर सोडायचं. थर्मामीटर भिंतीवर टांगून उपयोग नाही, त्याचं टोक दोन पिशव्यांच्या मध्ये, प्लॅस्टिकला टेकलेलं हवं. अर्धी पांढरी झालेली पिशवी हलवून दाणे सुटे केले की तुटलेले तंतू नव्या जोमाने वाढतात. त्यानंतरचे दोन दिवस पारा जास्त बघावा.

धिंगरीला २५ अंशांच्या आसपास मानवतं. ३० च्या वर हिरवी ट्रायकोडर्मा, काळी ॲस्परजिलस आणि भगवी न्यूरोस्पोरा यांचं फावतं. ३५ च्या पुढे धिंगरीची वाढ खुंटते, आणि चाळिशीच्या आसपास ती फार काळ तग धरत नाही. म्हणजे खोलीत ३१ अंश दिसत असतील, तेव्हा पिशवीच्या पोटात धोक्याची हद्द आलेली असू शकते.

घाम सुटतो तेव्हा

दिवसा ३० आणि रात्री १६ अंश अशा खोलीतली पिशवी पहाटे उचलून पाहावी. वरच्या प्लॅस्टिकवर धुकं, त्याखाली थेंबांची रांग, आणि दुमडलेल्या कोपऱ्यात चमचाभर पाणी. गरम दाण्यांतून निघालेली वाफ थंड प्लॅस्टिकवर जमते आणि ओघळून तळाशी येते. दुसऱ्या रात्री तीच क्रिया पुन्हा. आठवड्याभरात वरचे दाणे कोरडे पडतात आणि तळाचे पाण्यात बसतात. तळचा दाणा काचेसारखा अर्धपारदर्शक दिसू लागला, बोटाला बुळबुळीत लागला आणि आंबूस वास आला, की तिथे जीवाणू आले. तंतू तिथे येऊन थबकतात.

थोडं धुकं हे श्वसनाचं लक्षण आहे, त्याने घाबरू नये. तळाशी साठलेलं पाणी मात्र चढउताराची खूण. बल्ब किंवा तापणारी चटई पिशवीखाली ठेवली तर हेच घडतं: खाली भाजतं, वर घाम येतो. पिशवीच्या तोंडाला लावायच्या बोळ्यासाठी औषधाच्या दुकानातला शोषून घेणारा कापूस न वापरता न शोषणारा वापरावा, आणि कुकरात त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल बांधावी. ओला बोळा म्हणजे बाहेरच्या बुरशीला आत यायचा जिनाच.

खोलीत पाणी शिंपडण्याचं कारण नाही. ८०-९० टक्के आर्द्रता लागते ती अळंबी फुटताना. बंद पिशवीतल्या स्पॉनला लागणारी ओल दाण्यातच असते.

तीन हवामानं

पुण्यात डिसेंबरचा दिवस २९-३० अंशांचा आणि रात्र ११-१२ ची. इथे मासळीचा थर्माकोलचा जाड खोका घ्यावा, कडेने पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उभ्या कराव्यात आणि मध्ये पिशव्या. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, त्यामुळे चढउतार बराच कमी होतो. दिवसातून दोनदा झाकण उघडून हवा बदलावी.

कोकणात पावसाळ्यात तापमान बहुधा २४ ते ३० मध्येच राहतं. धिंगरीला बरंचसं हवं तसं. तिथे शत्रू बाहेरची दमट हवा. कापसाचे बोळे, पुठ्ठे, लाकडी फळ्या यांवर बुरशी चढते. लोखंडी जाळी, भिंतीपासून वीतभर अंतर आणि मंद पंखा एवढं पाळलं तर निम्मी लढाई जिंकली.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. वाळ्याचा कूलर खोली थंड करतो, पण ओलही वाढवतो, म्हणून त्याचा झोत पिशव्यांवर थेट नको. जुन्या घरांतलं जाड भिंतींचं माजघर किंवा थर्माकोलच्या खोक्यात आलटूनपालटून ठेवलेल्या बर्फाच्या बाटल्या हे त्यापेक्षा बरे उपाय. बाटली फडक्यात गुंडाळावी, नाहीतर तिला टेकलेल्या पिशवीला घाम सुटलाच.

ऋतूप्रमाणे जात

तयार स्पॉन लगेच वापरणं उत्तम. बटन आणि धिंगरीचा फ्रिजमध्ये चार अंशांवर काही आठवडे टिकतो. भाताच्या पेंढ्यावरच्या व्होल्व्हारिएला अळंबीचा मात्र फ्रिजमध्ये मरतो, कारण तिला थंडीच सोसत नाही. रंग पालटलेली पिशवी घरात उघडू नये. तशीच कुकरात घालून मारावी आणि मग खड्ड्यात टाकावी.

यंत्रं घेण्याआधी घरातल्या एखाद्या बंद कपाटाचं पहाटेचं आणि दुपारचं तापमान आठवडाभर लिहून ठेवावं. दोन्हींत चार-पाच अंशांपेक्षा जास्त फरक नसेल आणि आकडे २२ ते २७ मध्ये असतील, तर त्या ऋतूत धिंगरीचा स्पॉन तिथे होईल. आकडे ३० च्या आसपास स्थिर असतील तर दुधी अळंबी धरावी. तिला तीच ऊब हवी असते. आणि पारा ३५ च्या पुढे जात असेल, तर तेवढ्या महिन्यांपुरतं बी विकत आणणं हाच शहाणपणाचा हिशेब. बिघडलेल्या दहा पिशव्यांचं धान्य, गॅस आणि मेहनत धरली, तर विकतचा स्पॉन स्वस्तच पडतो.