उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन आठवडे अनाथाश्रमात: जावं की नाही?

कन्नडहून बोलतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. "म्हणजे" आणि "बरं का" थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

मागं संभाजीनगरच्या एका जोडप्याचा व्हॉइस मेसेज आला. दोघंही शिक्षक, ख्रिस्ती कुटुंब, लग्नाला सहा वर्षं झालीत. त्यांच्या मंडळीतले काही जण मे महिन्यात नेपाळला जाणार आहेत. काठमांडूजवळच्या एका बालगृहात दोन आठवडे राहायचं, मुलांना गाणी शिकवायची, खेळ घ्यायचे, भिंती रंगवायच्या, वह्या-दप्तरं द्यायची. दोघांचा मिळून खर्च लाखाच्या वर जातोय. ताई म्हणाल्या, "दादा, मन तर जा म्हणतंय. पण एका ओळखीच्या बाईनं विचारलं की तुम्ही परत आल्यावर त्या लेकरांचं काय? त्याचं उत्तर आमच्याकडं नाही. तुम्ही जरा सांगा."

प्रश्न चांगला आहे आणि तो फक्त ख्रिस्ती लोकांचाही नाही. वाढदिवसाला अनाथाश्रमात केक घेऊन जाणारे आपल्याकडं सगळ्या धर्मांचे आहेत. म्हणून पूर्ण भागच त्यावर करतोय.

आधी थोडं मागं जाऊ, कारण "परदेशातल्या अनाथांची सेवा" ही गोष्ट आपल्याच मुलखात घडलेली आहे. फक्त तेव्हा परदेश म्हणजे आपण होतो. १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ पडले. गावंच्या गावं खडी फोडायच्या कामावर गेली, माणसं रस्त्यात मेली, पोरं मागं उरली. अमेरिकन मराठी मिशन नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १८३१ पासून होतंच. त्यांच्या वसतिगृहांत अशी मुलं भरली. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ साप्ताहिकानं वाचकांकडून पैसे गोळा केले. १९०० साली ‘क्विटो’ नावाचं जहाज मका भरून मुंबईला आलं. अमेरिकेतल्या घरांनी इथल्या एकेका पोराच्या खर्चाची जबाबदारी घेतली. आज "एक मूल दत्तक घ्या, महिन्याला इतके रुपये" अशी जाहिरात दिसते ना, तिचं हे जुनं रूप.

याच काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. त्यांचे स्वतःचे आई-वडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले होते, त्यामुळं उपाशी पोर कसं दिसतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. १८९७ मध्ये त्यांनी ३०० मुलींचा आकडा मनाशी धरला आणि त्यांना आणून केडगावला ठेवलं. तेच मुक्ती मिशन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. तिथं शेती होती, तेलाचा घाणा होता, माग होते, छापखाना होता. मुली खिळे जुळवायला शिकल्या आणि रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्याच हातून छापलं गेलं.

मग मुलांचं, म्हणजे मुलग्यांचं काय? इथं आपल्या प्रश्नातलं जोडपं येतं. ॲल्बर्ट नॉर्टन आणि त्यांच्या पत्नी. अमेरिकन माणसं. आधी वऱ्हाडात कोरकू लोकांमध्ये काम केलेलं. ते रमाबाईंच्या बोलावण्यावरून पुन्हा हिंदुस्थानात आले आणि केडगावहून थोडं पुढं दौंडला त्यांनी मुलग्यांसाठी आश्रम काढला. बोलावणं कुणाचं होतं ते बघा. जिला इथली भाषा, जात, दुष्काळ सगळं आतून माहीत होतं अशा बाईचं. आणि हे लोक वर्षानुवर्षं राहिले. तसंही अमेरिकेहून मुंबईला यायलाच तेव्हा दोन आठवड्यांपेक्षा जास्त लागायचे. सुट्टीत येऊन जाणं शक्यच नव्हतं.

त्या काळातलं सगळं छान होतं असं मी म्हणत नाही. भुकेलेल्या मुलाला जेवण देता देता धर्म बदलायचा का, यावर तेव्हाही भांडणं झाली. रमाबाईंवर तर पुण्यात केवढी टीका झाली होती! दुष्काळ सरला तेव्हा किती मुलांचे नातेवाईक खरंच शोधले गेले, हाही प्रश्न विचारला पाहिजे. पण एक गोष्ट पक्की: संध्याकाळी भाकरी देणारा हात आणि सकाळी उठवणारा हात एकच होता. तो हात पंधरा दिवसांनी विमानतळावर जात नव्हता.

आता आजच्या नेपाळकडं येऊ. २००४ मध्ये कॉनर ग्रेनन नावाचा एक अमेरिकन तरुण जगभ्रमणाला निघाला. सुरुवातीला तीनेक महिने सेवा करू म्हणून तो काठमांडूच्या दक्षिणेला गोदावरी गावात ‘लिटल प्रिन्सेस’ बालगृहात राहिला. सांगितलेलं होतं की ही सगळी अनाथ मुलं आहेत. काही काळानं एक बाई दारात आली. तिथल्याच दोन मुलांची ती आई निघाली! मग हळूहळू उलगडा झाला. माओवादी युद्ध चालू होतं. हुमला या दूरच्या डोंगरी जिल्ह्यात दलाल जायचे आणि आई-बापांना म्हणायचे, "पोराला बंदुकीपासून वाचवतो, शाळेत घालतो, पैसे द्या." लोकांनी जमिनी विकून पैसे दिले. काठमांडूला आल्यावर त्याच मुलांना अनाथ म्हणून दाखवलं गेलं. ग्रेननला अनाथांची सेवा करायची होती, आणि शेवटी त्याचं काम झालं हुमल्याच्या डोंगरांत पायी हिंडून त्या मुलांचे आई-बाप शोधायचं. त्यासाठी त्यानं ‘नेक्स्ट जनरेशन नेपाळ’ ही संस्था काढली.

अशा मुलांना मी "कागदी अनाथ" म्हणतो. म्हणजे कागदावर अनाथ, घरी आई रडतेय. २०१५ च्या भूकंपाच्या वेळी युनिसेफनं सांगितलं होतं की नेपाळच्या बालगृहांतल्या सुमारे ८५ टक्के मुलांचे आई-वडील, निदान दोघांपैकी एक, हयात आहेत. आणि ही बालगृहं कुठं आहेत? गरिबी सगळ्यात जास्त आहे त्या जिल्ह्यांत नाहीत. बहुतेक काठमांडू, ललितपूर, पोखरा, चितवन या बाजूला, जिथं पर्यटक येतात. हे एकदा नीट डोक्यात बसू द्या. मुलं जिथं निराधार होतात तिथं आश्रम उगवत नाहीत, पाहुणे जिथं उतरतात तिथं उगवतात. आणि पाहुणे येत राहावेत म्हणून मुलंही येत राहावी लागतात. ऑस्ट्रेलियानं २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी याला मानवी तस्करीच म्हटलं.

सगळी बालगृहं अशी असतात का? नाही. काही मुलांना खरोखर कुणी नसतं, काहींना घरात मारहाण असते, त्यांना सुरक्षित जागा लागतेच. पण बाहेरून गेलेल्या माणसाला दोन आठवड्यांत यातलं काही ओळखता येत नाही.

आता मुलांच्या मनाचं. अशा ठिकाणी गेलेले लोक परत येऊन हमखास सांगतात, "अहो, दारातच पोरं पळत येऊन बिलगली! किती प्रेमळ!" मला विचाराल तर काळजी वाटायची जागा तीच आहे. आपल्या घरातलं तीन वर्षांचं पोर अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदरामागं लपतं. ते निरोगी लक्षण आहे. जे कुणालाही बिलगतं, त्याला बहुधा हक्काचं असं एक माणूस मिळालेलं नसतं. रुमानियात बुखारेस्टला २००० पासून एक मोठा अभ्यास झाला. संस्थेतल्या १३६ लहान मुलांपैकी निम्मी पालक-कुटुंबांत ठेवली, बाकीच्यांची नेहमीसारखी व्यवस्था चालू राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणं, माणसाशी जोडलं जाणं, सगळं सुधारलं, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं जास्त. मुलाला खेळण्यांपेक्षा एक टिकणारं माणूस लागतं. दर उन्हाळ्यात नवे दादा-ताई येतात, जीव लावतात, रडत निरोप घेतात. आपल्यासाठी ती आठवण असते. त्या पोराचं माणूस मात्र पुन्हा एकदा गेलेलं असतं.

त्या ताईंना मी अजून एक गोष्ट सांगितली. मी काही बायबलचा अभ्यासक नाही, पण याकोबाच्या पत्रात अनाथांची काळजी घ्यायला सांगितलंय ते वाक्य एकदा पूर्ण वाचा म्हटलं. तिथं अनाथांच्या जोडीला विधवाही आहेत, त्याच वाक्यात. आपण पोराला उचलून आश्रमात पाठवतो आणि त्या आईला विसरून जातो. वर्गणी आश्रमाला मिळते, आईला नाही.

आणि हे मला इथं, कन्नडमध्ये बसून जास्त जाणवतं. आपल्या तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबं निघतात. कुणाची पोरं आजीकडं राहतात, कुणाची कोपीवर जातात. कुठं बापानं कर्जापायी जीव दिलेला असतो, कुठं अपघात, कुठं दारू. आई असते, पण हात तोकडे असतात. अशा वेळी कुणीतरी सांगतं, "बोर्डिंगला टाका, तिथं फुकट जेवण आहे." आपल्या बाल न्याय कायद्यात, २०१५ च्या, अनाथ म्हणजे ज्याला आई-वडील किंवा कायदेशीर पालक नाही, किंवा पालक आहे पण सांभाळायला तयार किंवा समर्थ नाही. या "समर्थ नाही" मध्ये गरिबी कशी अलगद घुसते बघा.

यावर आपल्याकडं एक योजना आहे, जिचं नाव निम्म्या लोकांना माहीत नसतं: बालसंगोपन योजना. मूल आईजवळ, आजीजवळ, काकाकडं राहतं आणि सरकार महिन्याला २,२५० रुपये देतं. वर्षाचे झाले २७ हजार. आता त्या नेपाळच्या सहलीचा लाख रुपयांचा हिशेब याच्या शेजारी ठेवा. जवळजवळ चार मुलं वर्षभर स्वतःच्या घरी राहतात तेवढ्यात.

मग जाऊच नये? मी सरळ "नाही" म्हटलं नाही. मी म्हटलं, तिकीट काढायच्या आधी त्या बालगृहाला चार गोष्टी विचारा. इथल्या किती मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत? गेल्या वर्षात किती मुलं घरी परत गेली? मुलांबरोबर रोज राहणारी माणसं किती वर्षं टिकून आहेत? आणि आमच्याऐवजी तेवढे पैसे पाठवले तर चालेल का? शेवटच्या प्रश्नाला जिथं "हो, जास्त बरं होईल" असं उत्तर येतं ती जागा बहुधा चांगली. आणि "नाही नाही, तुम्ही याच, मुलं वाट बघतायत" असं आलं तर मी तरी दोनदा विचार करीन.

गेलातच तर मुलांना हात न लावता करता येण्यासारखं पुष्कळ आहे. तुम्ही दोघं शिक्षक आहात, तर तिथल्या शिक्षकांना शिकवा. हिशेब लिहायला मदत करा. सांभाळणाऱ्या बायकांना विचारा त्यांना काय लागतं, त्या मुलांबरोबर राहणार आहेत. धर्माचं म्हणाल तर नेपाळच्या फौजदारी संहितेत २०१८ पासून धर्मांतर करवणं आणि त्यासाठी प्रवृत्त करणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. तुमचा हेतू काही असो, गाण्यांच्या वर्गावरून अडचण तिथल्या लोकांना येईल.

आणि फोटो. कृपा करून स्टेटसला टाकू नका. आपल्याकडं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिने कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाढदिवसाच्या केकवाल्यांनीही हे ऐकून ठेवा.

बालसंगोपनाची माहिती बऱ्याच जणांनी आधीही विचारली होती, ती इथंच देतो. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात द्यायचा, आदेश बाल कल्याण समिती देते. आधार, शाळेचं बोनाफाईड, वडील किंवा आई गेली असेल तर मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं पासबुक तयार ठेवा. गावातल्या अंगणवाडी ताईला विचारलं तर रस्ता सापडतो. एखादं मूल एकटं, घाबरलेलं दिसलं तर स्वतः कुठं नेऊन ठेवू नका, १०९८ ला फोन करा. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत.

पुढच्या भागात ऊसतोडीला न जाता आजीकडं राहणाऱ्या मुलांच्या शाळेबद्दल बोलू. तुमच्या गावात कुणी आजी चार-पाच नातवंडं सांभाळत असेल तर तिला विचारून, तिची हरकत नसेल तरच, मला व्हॉइस मेसेज पाठवा.